जरा बाजूला

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मी नागपूरहून गाडीने गावी चालले होते. देवळी मागे पडलं होतं, गावचा फाटा दीडेक किलोमीटरवर राहिला होता आणि दादाचा तिसरा फोन येऊन गेला होता, भाकरी निवून रायली म्हणून. हायवेच्या डाव्या कडेने, त्या पांढऱ्या पट्टीच्या कधी आत कधी बाहेर, एक म्हातारा माणूस सायकल हातात धरून चालला होता. कॅरियरवर गुरांच्या ढेपेचं पोतं, पोत्याला सुतळीचे आढेवेढे, डोक्याला दुपट्टा. माझ्या उजव्या अंगाने कापसाचा एक फुगलेला ट्रक चालला होता, त्यामुळे मला तिकडे सरकायला जागा नव्हती. ब्रेक लावावा असं मनात आलंच नाही, हे आता आठवून लिहिते आहे. मी हॉर्न दिला. साधा नाही, तळहाताने दाबून धरलेला. तो माणूस दचकला, सायकलचं पुढचं चाक डांबराच्या काठावरून खाली मुरमात उतरलं, हँडल फिरलं, पोतं एका बाजूला कलंडलं. त्याने ते कमरेच्या टेकूने सावरलं आणि मोकळ्या हाताने कपाळाला हात लावला. चुकलं, असं म्हणताना लावतात तसा. मी पुढे गेले होते. आरशात मागे त्याचं तोंड दिसलं तेव्हा कळलं, हे आमचे टपालवाले काका.

मी थांबले नाही.

थांबायला जागा नव्हती, मागून गाड्या होत्या, वगैरे. सगळं खरंच होतं. पण फाट्यावर वळल्यावर थांबता आलं असतं. तिथे टपरी आहे, लिंबाचं एक वाचलेलं झाड आहे, वीस-पंचवीस मिनिटांत ते चालत तिथवर आलेच असते. मी काच वर केली आणि घरी गेले. वहिनीने भाकरी परत गरम केली, ठेच्यावर तेल सोडलं, आणि मी जेवले. माणूस काय, जेवतोच.

ज्यांनी रस्त्यावरून बाजूला होत माझी माफी मागितली ते हे काका तीस वर्षं आमच्या पाच-सहा गावांत सायकलवर टपाल वाटत फिरले. खाकी पिशवी, पायांत चपला, पायजम्याला चेनमध्ये अडकू नये म्हणून लावलेली लोखंडी क्लिप. कुणाची मनीऑर्डर, कुणाचं राखीचं पाकीट, कुणाची कोर्टाची तारीख. माझी शिक्षणसेवकाची ऑर्डरही त्यांनीच आणली. मी तेव्हा वावरात निंदत होते. ते सायकल धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टाकून, चिखलातून, पिशवी डोक्यावर धरून आत आले होते. लिफाफा हातात देताना म्हणाले, "पेढे नाही मांगत, गुळाचा खडा दे." मी ज्या नोकरीच्या पगारावर गाडीचे हप्ते फेडते, त्या नोकरीचा कागद त्या सायकलवरून आला. हे असं जुळवून दाखवायला मला आवडत नाही, फार नाटकी वाटतं. पण त्या रात्री झोप लागेना आणि डोक्यात हेच फिरत राहिलं.

मी नववीला विज्ञान शिकवते. 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी फळ्यावर लिहिते की गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरण म्हणून चेंडू घेते. त्या रात्री अंधारात पडल्या पडल्या चेंडूच्या जागी माझी गाडी घेतली. ताशी ८० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. माणूस दिसणं, मेंदूला कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात एक सेकंद तर जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच गाडी २२ मीटर पुढे, आमच्या घराच्या ओसरीपासून मारुतीच्या पारापर्यंत. ताशी ३० ला तेवढ्याच वेळात ती आठ मीटर जाते. आणि धडकेतली ऊर्जा? ३० च्या मानाने ८० ला सातपट. जिथे माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथे ३० च्या वर जाऊ नये, असं २०२० साली स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांनी जाहीर केलं, ते काही उगीच नाही. मोबाईल काढून केंद्र सरकारचा अहवालही पाहिला. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी. भागाकार केला तर रोज नव्वद. आमच्या शाळेतल्या नववीच्या दोन तुकड्या, रोज.

हायवे होण्याआधीचा रस्ता मला त्याच्या वासासकट आठवतो. एकच डांबरी पट्टा, दोन्हीकडे मुरमाच्या रुंद कडा, त्याच्या पलीकडे लिंब, चिंचा, मधूनच एखादा बाभूळबन. मे महिन्यात इकडे पारा ४५-४६ ला जातो, पण त्या रस्त्याने दुपारी चालता यायचं, कारण सावलीतून सावलीत उडी मारत जाता यायचं. चिंचेखालचं डांबर पायाला कोमट लागे आणि उन्हातलं चटका देई, त्यावरून डोळे मिटूनही झाड कुठे आहे ते सांगता येई. कास्तकार रस्त्यावर तूर पसरत, म्हणजे बैलबंड्या आणि एसटी जाऊन जाऊन ती आपोआप निघे. पुलियावर संध्याकाळी माणसं बसलेली. एसटीचा ड्रायव्हर लांबून येणारी एखादी बाई दिसली की गाडी उभी करून बिडी पेटवायचा. रस्ता म्हणजे गावाचं लांबलचक अंगण होतं, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. अर्थात त्यात खड्डेही होते आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी. ते विसरून उसासे टाकण्यात अर्थ नाही.

सायकल मी बाबांच्या जुन्या काळ्या सायकलवर शिकले, नळीखालून पाय घालून, कैची मारत. मग आठवीपासून सहा किलोमीटरवरच्या शाळेत. आम्ही पाच पोरी, पाचही जणी रस्त्याच्या रुंदीभर एका ओळीत, बोलत बोलत. मागून एखादी काळीपिवळी यायची, पोंपों करायची, आम्ही सावकाश सरकायचो, ड्रायव्हर आमच्यातल्या एकीचा मामाच निघायचा. पंक्चर झालं तर पाचही जणी उतरून चालायच्या. मला वाटतं, मला जगात एकटीनं फिरायची भीती वाटत नाही, त्याचं मूळ त्या सहा किलोमीटरमध्ये आहे. घर आणि शाळा यांच्या मधला तो तास कुणाचाच नव्हता. आईचा नाही, मास्तरांचा नाही. आमचा होता.

आता माझ्या पुतणीचं सांगते. ती नववीत आहे. मानव विकास या सरकारी योजनेतून तिला शाळेत सायकल मिळाली. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना देतात ती. सायकल चांगली आहे, पुढे जाळीची टोपली. ती घरात बैलांच्या रिकाम्या गव्हाणीला टेकून उभी आहे, टोपलीत लसूण वाळत घातलाय. टायरवरचे रबरी केस अजून गेलेले नाहीत. मी दादाला विचारलं, चालवत का नाही ही? तो म्हणाला, "हायवेवर पोट्टीले सायकलनं धाडू? तू धाडशील का तुह्या पोट्ट्याले?" मी गप्प. माझा मुलगा नागपुरात दीड किलोमीटरवरच्या शिकवणीला माझ्या मागे बसून जातो. तर पुतणी बसने जाते, मुलींच्या निळ्या बसने, तीही त्याच योजनेतली. ती सकाळी एक आणि संध्याकाळी एक. शाळा लवकर सुटली तर फाट्यावर तासभर बसून राहायचं. सरकार एका हाताने पोरीला सायकल देतं आणि दुसऱ्या हाताने ती चालवायचा रस्ता काढून घेतं, आणि दोन्ही वेळा त्याला विकास म्हणतं. दोन्ही वेळा फोटोही निघतात.

मी पुतणीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "आत्या, अंगणात चालवते न मी. गोल गोल."

आमचं वावर हायवेच्या पलीकडे आहे. आधी घरातून निघून, पांदणीने जाऊन, रस्ता ओलांडला की धुरा लागायचा. आता मध्ये दुभाजक. कट आहे, पण तो दीड किलोमीटर खाली. म्हणजे कायद्याने वागायचं तर समोर दिसणाऱ्या वावरात जायला बंडीला तीन किलोमीटरचा फेरा. बैलांना राँग साईड हा शब्द कळत नाही आणि बाबांना कळून घ्यायचा नव्हता. ते गेले त्या वर्षापर्यंत बंडी उलट्या बाजूने हाकत राहिले. बाया तर दुभाजकच ओलांडतात. डोक्यावर कडब्याचा भारा, हातात विळा, लुगड्याचा काष्टा सावरत आधी एक पाय त्या सिमेंटच्या भिंतीवर, मग दुसरा, मग दुभाजकात लावलेल्या कण्हेरीच्या झाडांतून पलीकडे. तिथे उभं राहून दोन्हीकडून सुटणाऱ्या गाड्यांचा वारा खायचा आणि फट मिळाली की पळायचं. साठीच्या बायांना मी पळताना पाहिलंय. गाडीतून पाहिलं तर वाटतं, काय हे, अक्कल नाही का लोकांना. मीही कधीतरी असंच म्हटलेलं आहे, काच बंद करून, एसीत बसून, माझ्याच गावच्या बायांबद्दल.

पण याच रस्त्याने आई वाचली. दोन वर्षांपूर्वी रात्री एक वाजता तिच्या छातीत दुखायला लागलं. १०८ आली आणि तिने आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात वेळेत नेऊन पोचवलं. जुना रस्ता असता, रपट्यावर पाणी असतं, तर काय झालं असतं ते मला विचार करून पाहायचं नाही. त्यामुळे हायवेला शिव्या देण्याची सोय माझ्याजवळ नाही. आई ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलते तेव्हा त्या शेंगांच्या टरफलांच्या आवाजात मला तो हायवेही ऐकू येतो. तिला रुग्णवाहिकेने नेताना गाडी ताशी शंभरने गेली असेल. तेव्हा मी मनातल्या मनात आणखी जोरात, आणखी जोरात म्हणत होते.

नागपुरात तर मला चालायला हायवेची भीतीही आड येत नाही, तरी मी चालत नाही. आमच्या कॉलनीतून भाजीबाजार बारा मिनिटांवर आहे. फूटपाथ आहे. त्यावर पेव्हर ब्लॉक आहेत, ब्लॉकांवर विजेची डीपी आहे, डीपीला टेकून उभ्या मोपेड आहेत, मोपेडींपुढे पाणीपुरीवाला, आणि तिथे फूटपाथ संपतोच. माणूस खाली रस्त्यावर उतरतो, मग कुणीतरी हॉर्न वाजवतो. देशाच्या नगर वाहतूक धोरणात २००६ सालीच लिहून ठेवलंय की रस्त्यांवर वाहनं नव्हे, माणसं हलली पाहिजेत. धोरण छान आहे. सिमेंट रोड मात्र असे बांधले गेलेत की जुन्या घरांचे उंबरे खाली आणि रस्ता वर. एकदा झिरो माईलपाशी मी रस्ता ओलांडायला उभी होते. इंग्रजांनी जिथून अंतरं मोजली तो दगडी खांब, शेजारी चार घोडे उधळलेले. बराच वेळ उभी राहिले. शेवटी रिक्षा केली, रस्ता ओलांडायला. हसू नका.

वर्धा जिल्हा खरं म्हणजे चालणाऱ्यांचा. १९३६ साली गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला, चालत आले. १९५१ साली विनोबा पवनारहून पायीच हैदराबादेजवळच्या शिवरामपल्लीला निघाले, तिथून पुढे तेलंगणात शिरले, १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची पहिली जमीन मिळाली, आणि मग तेरा वर्षं ते चालतच राहिले. या गोष्टी आम्हाला शाळेत इतक्या वेळा सांगितल्या की त्यांचा कंटाळा यायचा. आता मुलाला बापूकुटी दाखवायला नेते तेव्हा आधी गाडी सावलीत कुठे लावता येईल ते बघते.

मध्यंतरी नेदरलँड्सबद्दल वाचत होते. ते सायकलींचं राज्य पहिल्यापासून तसंच असेल असा माझा समज होता. तर तसं नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लेकरं. मग आईबाप रस्त्यावर उतरले, 'लेकरांचे खून थांबवा' हेच त्या चळवळीचं नाव. १९७३ ला पेट्रोल टंचाई आली, सरकारने काही रविवारी गाड्या बंद ठेवल्या, आणि रिकाम्या रस्त्यांवर लोक सायकली, स्केट्स, घोडे घेऊन फिरले. डेल्फ्टसारख्या गावांत तर गल्ल्या मुद्दाम वाकड्या केल्या, मध्ये झाडं लावली, म्हणजे गाडीला हळूच जावं लागेल. हे वाचून मला आमच्या गावातला जुना बोळ आठवला. तो कुणी मुद्दाम वाकडा केलेला नाही, कुंभाराच्या घराची भिंत तिथे पुढे आलेली आहे एवढंच. पण तिथून आजही कुणी फटफटी जोरात नेत नाही. भिंतीपलीकडून शेळी निघते.

आणि आपल्याला रस्ता थांबवता येत नाही असं तरी कुठे आहे? पोळ्याच्या दिवशी गावाच्या वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं जातं आणि ते तुटेपर्यंत कुणाची गाडी जात नाही. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, होतात, बैल शिंगं हलवत उभे असतात, घुंगरं, गेरू, ओल्या शेणाचा आणि ताज्या रंगाचा वास. मागे आमदारांची गाडी असली तरी ती थांबते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. हे तर आपल्या विदर्भाचंच. लाकडी नंदीबैलाला दोरी बांधून दोन-दोन वर्षांची पोरं रस्त्याच्या मधोमध चालतात, घरोघर बोजारा, म्हणजे पैसे नाहीतर खाऊ, मागत. त्या दिवशी नागपुरातल्या चौकातही एखादा ट्रॅफिकवाला हात आडवा करून उभा राहतो, आणि मोठमोठ्या गाड्या लाकडी बैलाची चाकं रस्ता पार करेपर्यंत थांबतात. वर्षातून एक दिवस. पुतणी लहानपणी तशी चालली होती, मी तिचं बोट धरून. हॉर्न कुणीही वाजवला नव्हता, वाजवावासा कुणाला वाटलाही नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेले. चालत. माफी मागायची असं ठरवून, वाक्य जुळवून. ते अंगणात गाईला ढेप कालवून घालत होते, तीच ढेप. काकूंनी उकडलेल्या तुरीच्या शेंगा पितळीत आणून ठेवल्या, वरून मीठ.

"कवा आली वं?"

"काल. काल दुपारी."

"कशानं?"

"गाडीनं."

"तूच चालवते?" मी मान हलवली. "वा. लय चांगलं झालं. तुह्या बापानं पायलं असतं तं..." मग शेंग दाताने सोलत, अगदी आठवण झाल्यासारखं म्हणाले, "पन बाई, हॉर्न वाजवत जाजो. आमाले मांगचं दिसत नाही, आयकू बी कमी येते. फक्त दुरून वाजवजो. एकदम जवळ येऊन वाजवलं का सायकल लटपटते."

"काल तुम्ही दिसलात मला. हायवेवर," मी म्हटलं.

"दिसलो असन. ढेप आनाले गेल्तो." त्यांनी टरफलं गाईपुढे टाकली. "कालच काय, रोजच असतो म्या."

वाक्य जुळवलेलं होतं ते शेंगांबरोबर गिळलं. त्यांच्या लेखी काल काही घडलंच नव्हतं. दिवसाला शंभर हॉर्न, त्यातला एक. मी बराच वेळ बसले, कापसाच्या भावाचं बोललो, कोण कोण गेलं ते त्यांनी सांगितलं. निघताना काकूंनी ओंजळभर शेंगा माझ्या पर्समध्येच कोंबल्या.

परत निघाले त्या दुपारी गावापासून फाट्यापर्यंतच्या अरुंद रस्त्यावर पुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी सायकलवर होती. दप्तर पाठीला, वेणीला लाल रिबीन, रस्त्याच्या अगदी मधून, वारा समोरून येत असावा कारण ती उभी राहून पायडल मारत होती. मी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली. वेगाचा काटा १५ च्या आसपास. कापसाचं बोंड डांबरावरून घरंगळत होतं ते दिसलं, तुरीच्या शेतातला भोरड्यांचा थवा उठला तो दिसला. काच खाली केली. तिच्या चेनचा करकर आवाज माझ्यापर्यंत येत होता. असं अर्धा-पाऊण किलोमीटर गेलो असू. मग माझ्या मागे कापसाने भरलेल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला, आणि त्याने हॉर्न दिला, लांब, दाबून धरलेला.

मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि सायकलवरून उतरून खाली मुरमात जाऊन उभी राहिली.